शकुताईंचं समुद्रफूल

शकुताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मोरीजवळच्या बोळात मी पाटावर बसले होते, नाकाला पदर बांधलेला, हातांत भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे, आणि समोरच्या निळ्या टबात ते... त्याला काय म्हणायचं हे मला आजही धड ठरवता येत नाही. कुणीतरी खाकरून थुंकल्यासारखं काहीतरी. फोन ओट्यावर वाजत होता आणि मी मनात म्हणत होते, वाजू दे, आधी हे एकदाचं संपू दे. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी चिडून एक मोजा दातांनी ओढून काढला आणि ते खारट, औषधी, कुजकट पाणी जिभेला लागलं. ओकारी दाबतच फोन घेतला. पलीकडून हे म्हणाले, "शकू गेली गं. आत्ताच... वीस मिनिटं झाली." माझ्या तोंडात ती चव होती. आज सात आठवडे झाले, पण त्या सकाळची आठवण आली की आधी ती चव येते आणि मग रडू. हा क्रम उलटा असायला हवा होता हे मला कळतं.

शकुताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. जालन्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होत्या आणि तेवढीच वर्षं आमच्याबरोबर एका घरात राहिल्या. माणूस गेल्यावर त्याला हसतमुख, मनमिळाऊ, सदैव मदतीला तत्पर वगैरे करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. तसलं वाचलं की मला उबग येतो. शकुताई हसतमुख नव्हत्या. तासभर त्यांच्यासमोर बसलात तर चार वाक्यं बोलतील, त्यातली दोन गांडुळांबद्दल. त्यांचा एकच गुण सांगण्यासारखा होता : त्यांना किळस नव्हती. अजिबात नव्हती. आणि देवाने त्यांच्या वाटणीची सगळी माझ्यात भरली. मी दुसऱ्याच्या पेल्याने पाणी पीत नाही. साबणाला चिकटलेला केस दिसला तर माझी आंघोळ तिथेच संपते. अशा दोघींना एका छपराखाली ठेवायचं म्हणजे कुणाची तरी गंमतच म्हणायची.

मला बघायला अंबडला आमच्या घरी आले होते, तेव्हाची गोष्ट. मी चहाचा ट्रे घेऊन शकुताईंपुढे वाकले आणि भस्सकन एक वास नाकात शिरला. फॉर्मालिनचा. तेव्हा नाव माहीत नव्हतं, पण घशाशी आलं. ट्रे तिथेच टेकवून मी आत पळाले. मुलगी लाजली, असं बाहेर सगळ्यांनी ठरवून टाकलं. शकुताई एकट्या माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "सकाळी बेडकांच्या बरण्या बदलल्या. दोनदा आंघोळ केली तरी जात न्हाई बघा. नाक चांगलंय तुमचं, वहिनी." लग्न ठरायच्या आधीच मी वहिनी झाले होते. पुढे लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी एक स्टीलचा डबा सापडला. उघडला. आत झुरळं. चाळीसेक असतील, थंडीने सुस्त झालेली, मिशा मात्र हलताहेत. मी किंचाळले तशा शकुताई शांतपणे आल्या, डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं. "उद्या पोरींचं प्रॅक्टिकल हाये. गार ठेवल्याबिगर निपचित पडत न्हाईत." मी दही फेकलं, लोणी फेकलं, बर्फाचे साचेसुद्धा फेकले आणि अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

पहिल्या वर्षाच्या मुली प्रयोगशाळेत ओकायच्या, रडायच्या. त्यांच्यासाठी शकुताईंचा एक ठरलेला नियम होता. "नाक धरा अन् दोन मिनिटं बघा. दोन मिनिटांनंबी घाण वाटलं तर मंग घरी जा, मी सरांना सांगते." दोन मिनिटांनंतर घरी गेलेली एकही मुलगी आपल्याला आठवत नाही, असं त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, मी गेले असते. त्यावर त्या, "तुम्ही एक मिनिटबी बघत न्हाई, वहिनी."

खरं होतं ते. माझं पोटाचं ऑपरेशन झालं आणि टाके चिघळले, तेव्हा मला माझ्याच पोटाकडे बघवत नव्हतं. जखमेला असा वास यायचा की माझी सख्खी आई पट्टी सोडताना तोंड फिरवायची. शकुताईंनी कॉलेजात रजा टाकली आणि तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ती जखम धुतली. पू पुसताना त्यांच्या कपाळावर एक आठी आली नाही. उलट वाकून निरखून बघायच्या आणि सांगायच्या, "आज कड गुलाबी दिसून राह्यली. भरून येतंय." आणि मी काय करत होते? त्या उठल्या की कान टवकारून ऐकत होते, मोरीत साबण लावून हात धुतले की नाही, कारण नंतर त्याच हातांनी त्या माझं ताट वाढणार होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लिहितानाही माझी मलाच शिसारी येते आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी समुद्राचा नाद धरला. त्याला कारण एक बरणी. त्यांच्या प्रयोगशाळेच्या फडताळात समुद्रफुलाची एक बरणी होती. समुद्रफूल हा खरं म्हणजे प्राणी, खडकाला एका पायाने चिकटून राहतो, डोक्यावर फुलासारखी बोटं, मधोमध तोंड. "बत्तीस वर्षं पोरींना तीच बरणी दाखवली," त्या म्हणाल्या. "सांगायचं काय, तर हे हलतं, फुलतं, बोटांनी भक्ष्य धरतं. अन् बरणीत काय, तर लिंबाचं जुनं लोणचं. खोटं बोलल्यावानी वाटायचं, वहिनी. एकदा जितं बघायचंय." कोकणात जाऊन चार दिवसांत बघून या, असं आम्ही सुचवलं. नको म्हणाल्या. नुसतं बघायचं नव्हतं, राखायचं होतं. आणि राखायचं कुठे, तर जालन्यात! जिथे नळाला गोडं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि आलं की माणसं लग्न टाकून घरी पळतात, तिथे ही बाई समुद्र करायला निघाली. बैठकीत भली मोठी काचेची पेटी आली. कोपऱ्यावरच्या प्लांटमधून शुद्ध पाण्याचे जार, पोत्यातून समुद्राचं मीठ, खारटपणा बघायची दुर्बिणीसारखी नळी. उन्हाळ्यात जालना भट्टीसारखं तापलं की पेटीत बर्फाच्या बाटल्या तरंगायच्या आणि कूलरचं तोंड आमच्याऐवजी माशांकडे असायचं. दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे दोन वर्षं जगले, तेव्हा कुठे त्यांनी समुद्रफूल मागवायचा धीर केला.

ते मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं आणि गाडी वाटेत कुठेतरी अर्धा दिवस उन्हात बंद पडली होती. थर्माकोलचं खोकं उघडलं आणि मी सरळ गच्चीवर गेले. उकडलेली नासकी अंडी, त्यात मासळी. फोटोत बशीएवढं फुललेलं होतं, आलं ते लिंबाएवढं, पांढरट, आणि त्याचं तोंड उघडं. नुसतं उघडं नव्हे, आतलं बाहेर आलेलं. त्यातून तपकिरी तारा लोंबत होत्या. कुणीही शहाण्या माणसाने ते उकिरड्यावर टाकलं असतं. शकुताईंनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "हाये. जीव हाये." माशांना रोग लागू नये म्हणून ते वेगळं ठेवायचं होतं. त्यासाठी माझा मोरीजवळचा बोळ घेतला. निळा टब, त्यात हवेची नळी, ऊब देणारी कांडी. टायफॉइडला डॉक्टर देतात त्या गोळीचा पाव तुकडा कुटून त्या पाण्यात. औषधाला उजेड सोसत नाही, म्हणून वर जाड चादर. रोज सकाळी सगळं पाणी काढायचं, आदल्या दिवशी ड्रममध्ये कालवून ठेवलेलं खारं पाणी भरायचं, पुन्हा पाव गोळी. असे दहा दिवस. आणि रोज एकच बघायचं : तोंड मिटलं का. तोंड मिटलं आणि पायाने कुठेतरी पकड घेतली की वाचलं. नाही मिटलं तर एका सकाळी टबात नुसता गाळ सापडतो.

तिसऱ्या दिवशी शकुताई तापाने फणफणल्या. दोन दिवस अंगावर काढलेला न्यूमोनिया होता. संभाजीनगरला दवाखान्यात दाखल केलं, हे त्यांच्यापाशी राहिले. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले, ती आमची शेवटची भेट. फिनेल, स्पिरिट, शेजारच्या खाटेवरचं भांडं... मी पदर नाकाला लावून उभी होते. शकुताईंनी तोंडावरचा मास्क दोन बोटांनी उचलला आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? "आज पाणी बदललं का?"

मी म्हणाले, "नाही. तुम्ही या परत आणि तुमचं तुम्ही करा. मला ते जमणार नाही. किळस येते मला, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाये. मोजे घाला." मग थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "माझ्यापाशी दादा हाये. त्याच्यापाशी कोण हाये? तुम्ही घरी जा, वहिनी. आमचा दोघांचाबी कोर्स दहा दिवसांचा. मी इथं पुरा करते, त्याचा तुम्ही तिथं पुरा करा."

आणि मी निघाले. लगेच निघाले. लोक म्हणतात, बिचारी नणंदेच्या शब्दाखातर गेली. कसलं काय! त्या वॉर्डातून सुटका झाली म्हणून मला आनंद झाला होता. बसमध्ये खिडकीशी बसून मी मोठा श्वास घेतला होता. त्या बोळाचाही विचार आला... आता शकुताई महिनाभर तरी काही करू शकणार नाहीत, हे एकदा मेलं की बोळ धुऊन घेता येईल. असा विचार करत करत घरी आले, पिवळे मोजे चढवले आणि चादर उचलली.

रोज संध्याकाळी ह्यांच्या फोनवरून त्या विचारायच्या. "तोंड मिटलं का?" मी म्हणायचे, उघडं. "किती? रुपयाएवढं का आठाण्याएवढं?" मला पुन्हा बोळात जाऊन, चादर उचलून, नाक धरून बघून यावं लागायचं. रुपयाएवढं. "तपकिरी तार येऊन राह्यली का? येत आसंल तर चमच्यानं काढून घ्या. बाजूला राहू देऊ नका." मी चमच्याने काढून घ्यायचे. तो चमचा मी नंतर रस्त्यापलीकडच्या नाल्यात भिरकावला. पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी त्यांना एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. "तोंड..." एवढं म्हणून थांबल्या. मी म्हणाले, "मिटलं."

दयेपोटी खोटं बोलले, असं लिहिलं असतं तर या जागी छान दिसलं असतं. दयाही होती थोडी. पण खरं कारण असं की उघडं म्हटलं असतं तर त्यांनी किती ते विचारलं असतं, आणि मला पुन्हा उठून ते बघायचं नव्हतं. सकाळी एकदा बघितलं होतं. पुरे झालं होतं.

पलीकडे जरा वेळ नुसता श्वास. मग, "बराबर?"

"बराबर."

"मंग ठीके," म्हणाल्या. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तो मी सांगितलाच.

दुपारी दोनला गाडी आली. पाचच्या सुमाराला नेलं. बायका कोपऱ्यापर्यंत जातात तशी मीही गेले, परत आले. दारात पोचते तो घरात पाण्याचा लोंढा. टेंभुर्णीहून आलेली माझी चुलत जाऊ कमळाबाई पदर खोचून उभी होती आणि तिच्या हुकुमाखाली चार बायका घर धूत होत्या. मयत घराबाहेर पडलं की घरातलं भरलेलं पाणी ठेवायचं नसतं, ओतून द्यायचं, ही आपल्याकडची रीत. माठ उपडा, हंडे उपडे, पिंप उपडं. कोपऱ्यावरच्या प्लांटचे जारसुद्धा त्यांनी सील तोडून ओतले होते. रीत मलाही माहीत आहे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी स्वतः पिंप ओतलं होतं. पण त्या क्षणी डोक्यात आलंच नाही, मी दोन पावलं चालले आणि मग आलं.

"टब?" मी विचारलं. "बोळातला टब?"

"वतला की," कमळाबाई म्हणाली. "अन् त्यो ड्रमबी. मेल्या माणसाच्या घरचं पाणी हाये, ठेवतेत का कुठं? लई घाण वास मारू राह्यला होता, बाई. कपडे भिजू घालून इसरलीस का काय?"

मोरीत मी वाकून बघितलं. जाळीवर साबणाचा फेस, कुणाच्या तरी केसांचं गुंतवळ, चहाचा चोथा, आणि त्यात ते. लिंबाएवढंही राहिलं नव्हतं. केस त्याला गुंडाळले होते. मोजे कुठे होते कुणास ठाऊक. मी उघड्या हाताने उचललं. बुळबुळीत, गार, हातात बसेना, आणि मग त्याची दोन-तीन बोटं माझ्या अंगठ्याला हलकेच चिकटली. मांजराची जीभ लागावी तशी. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. सुतकाच्या घरात ओरडणं शोभून दिसतं, फक्त कारण बरोबर असावं लागतं. सकाळपासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्याची कुजबुज चाललीच होती. आता सगळ्या बायका धावल्या, मला कवटाळलं. "रड बाई, रड. मोकळी हो. पाठच्या बहिणीवानी होती तुझी." आणि मी त्या गर्दीत एक मूठ छातीशी धरून उभी, मुठीत ते, बोटांतून बुळबुळ ब्लाउजवर उतरते आहे. मी कुणासाठी ओरडले हे मला त्यांना सांगता आलं नाही. मलाही नक्की माहीत नव्हतं.

घरात पाण्याचा थेंब नव्हता. फक्त बैठकीतली काचेची पेटी वाचली होती, कारण ती चौघींना हलली नाही. मी निळा टब ओढत बैठकीत आणला. जिथे शकुताईंना ठेवलं होतं तिथे दिवा लावलेला, भिंतीशी बायका बसलेल्या, आणि त्यांच्यादेखत मी पेटीतून तांब्या-तांब्याने पाणी काढून टबात ओतत बसले. मग त्या जिवाच्या अंगावरचे केस एकेक करून काढले. नखांनी. कमळाबाई म्हणाली, "येड लागलं का काय हिला? सुतकात कशात बी हात घालून बसलीय!" हे स्मशानातून परतले, दारात थांबून सगळं बघितलं. शकुताईंच्या खोलीत गेले, गोळ्यांची पट्टी आणि जाड चादर घेऊन आले आणि माझ्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या वाटणीचा पाण्याचा जार आणून दिला. मीठ कोरडं होतं म्हणून वाचलं होतं. टब पुन्हा बोळात नेऊन आठवा, नववा, दहावा दिवस मी पुरा केला. हातमोजे सापडले होते, पण कशाला घालायचे? व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सुतकाचे ते दिवस आठवले की मला टबातल्या पाण्यापेक्षा जास्त किळस येते. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी दोन मिनिटं मान खाली घालून बसायचा आणि मग त्याची नजर पेटीकडे जायची. "ह्याला खर्चा किती येतो हो?" "आता काय करणार ह्याचं? विकून टाका, जल्दी." "माशांचा श्राप असतो म्हणतात..." तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, चहाचे कप हातात घेऊन शकुताईंच्या खोलीची चर्चा झाली. भाड्याने द्यावी की नात्यातल्या भाच्याला शिकायला ठेवावं. दाराआड त्यांच्या साड्या अजून दोरीवर होत्या. माणसं फुर्र फुर्र करून चहा पीत होती, बिस्किटं बुडवत होती, आणि खोलीला एक खिडकी वाढवता येईल का ते बघायला एक जण उठून आतही गेला. माझ्या तोंडावर आलं होतं की चालते व्हा. पण बसमध्ये खिडकीशी बसून बोळ धुवायचे बेत करणारी मी, मी कुणाला काय तोंडाने बोलणार?

दहाव्याला शहागडला गोदावरीवर गेलो. घाटावर कापलेले केस, कुजलेला भात, प्लास्टिक, कुणाचं तरी धोतर. पिंड ठेवला आणि कावळा काही येईना. कमळाबाईने इच्छा सुचवायला सुरुवात केली : भाच्याचं लग्न करू म्हणा, खोलीला हिचं नाव देऊ म्हणा. खोलीला नाव! हे हात जोडून एवढंच म्हणाले, "शकू, तिचं चालू आहे. रोज पाणी बदलते ती." कावळा तरीही आला नाही. त्या घाटावर यायची त्यालाही शिसारी आली असेल. शेवटी पिंड गाईला दिला आणि निघालो.

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगावरची घाटाची घाण आधी धुवायची म्हणून मी बोळाकडे गेले आणि सवयीने चादर उचलली. ते टबाच्या तळाशी नव्हतं. क्षणभर वाटलं, झाला गाळ. मग दिसलं : टबाच्या कडेला, पाण्याच्या रेषेखाली, ते उभं चिकटलं होतं. पायाने पकड घेतली होती. बोटं आखूड, पण ताठ, आणि तोंडाच्या जागी एक बारीक रेघ. मी नाक न धरता बघत बसले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली असतील. खोटं कशाला सांगू, किळस गेली नाही. शकुताईंचा नियम माझ्यापुरता चुकला. किळस होती, आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

आता ते काचेच्या पेटीत आहे. बशीएवढं नाही, वाटीएवढं फुलतं. नारिंगी माशांपैकी एक त्याच्या बोटांत शिरून लोळतो. येणारेजाणारे फोटो काढतात, काय सुंदर म्हणतात. त्यांनी ते मोरीत बघितलेलं नाही.

दवाखान्यातून आलेली शकुताईंची पिशवी मात्र मी सहा आठवडे उघडली नव्हती. ह्यांनी ती त्यांच्या खोलीत खुंटीला लावली होती, आणि नुसतं जवळून गेलं तरी तिला स्पिरिटचा, आंबट घामाचा, बंद वॉर्डाचा वास यायचा. गेल्या आठवड्यात काढली. टॉवेल, कंगवा, त्यात दोन पांढरे केस, अर्धी राहिलेली ग्लुकोजची पुडी. तळाशी एक छोटी वही आणि पेन्सिलचा तुकडा. शकुताई आयुष्यभर पेन्सिलीनेच लिहीत आल्या. प्रयोगशाळेत पाणी सांडतं, शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही, म्हणून. वहीत एकाखाली एक आकडे घातले होते, एकपासून दहापर्यंत. पहिल्या तीनपुढे घरी असतानाचं नीट अक्षर. चारपुढे : "वहिनींनी पाणी बदललं. उघडं, रुपयाएवढं." पाचपुढे : "बदललं. उघडं. तार काढली." सहापुढे अक्षर इतकं वेडंवाकडं की मला खिडकीशी जावं लागलं.

"वहिनी म्हणतात मिटलं. सहाव्या दिवशी मिटत नसतं. पाणी मात्र बदलतात."

पुढे सात, आठ, नऊ, दहा. कोरे.

मी तिथेच त्यांच्या पलंगावर बसले. मग तोच पेन्सिलचा तुकडा घेतला, त्याच्या मागच्या टोकाला त्यांच्या दातांचे व्रण होते, आणि लिहीत गेले. सात : पाणी ओतलं गेलं. मोरीत पडलं. हाताने उचललं. आठ : उघडं. नऊ : उघडं. दहा : उघडं, कोर्स पुरा. दहानंतर त्यांचे आकडे संपत होते, तिथून पुढचे मी घातले. सोळापुढे लिहिलं : मिटलं, पकड घेतली. आणि मग वर जाऊन, सहाव्या दिवशी, त्यांच्या अक्षराखाली जरा जागा होती तिथे लिहिलं, "उघडंच होतं, शकुताई. मी पुन्हा उठून बघितलं नव्हतं."